बाजाराचं चित्र बाजारात बसून

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा, स्मरणचित्रात काय काढलं होतं. उत्तर चार-पाच विषयांत संपतं. भाजीबाजार, गणपती विसर्जन, बसस्टॉप, बाग, रंगपंचमी. चित्रंही साधारण सारखीच. डावीकडे छत्रीखाली बसलेली भाजीवाली, तिच्यापुढे टोपल्या, मध्ये हातात पिशवी घेतलेली पाठमोरी बाई, तिचा पदर ओढणारं पोर, मागे दोन झाडं आणि एक कौलारू घर. माणसं पाठमोरी, कारण चेहऱ्याला वेळ लागतो आणि परीक्षेत वेळ मोजका. गिरगावात, परळला, दादरला वाढलेल्या मुलांच्या कागदावरही तेच कौलारू घर उतरायचं. खाली रस्त्यावर खरा बाजार भरलेला असायचा, त्याचा आवाज वर्गापर्यंत यायचा, आणि आम्ही सगळे मान खाली घालून दुसऱ्याच कुठल्या तरी गावचा बाजार रंगवत असायचो.

त्या परीक्षांचे माझ्यावर उपकार आहेत. ब्रश किती ओला ठेवायचा, वॉश कसा सोडायचा, आधी मोठे आकार मग बारकावे, हे सगळं मी तिथेच शिकले. कितीतरी पिढ्यांच्या मराठी मुलांच्या हातात रंग आले ते याच परीक्षांमुळे. फक्त एक गोष्ट तिथे कधी घडली नाही. वस्तुचित्राला तांब्या-पेला समोर ठेवलेला असायचा, पण आपलं शहर समोर ठेवून कुणी चित्र काढायला सांगितलं नाही. शहर कायम आठवणीतून यायचं, आणि आठवणही सरांनी फळ्यावर काढून दाखवलेल्या चित्राचीच असायची. म्हणून आमच्या रविवारच्या गटानं ‘अर्बन स्केचर्स’ या, जागेवर बसून शहराची चित्रं काढणाऱ्यांच्या जगभर पसरलेल्या चळवळीशी जोडून घ्यायचं ठरवलं, तेव्हापासून मला हे लिहायचं होतं.

गट म्हणजे आम्ही बारा-पंधरा जण. एक निवृत्त कलाशिक्षक, ज्यांना वयानं त्यांच्या बरोबरीचे लोकही ‘सर’ म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू. आर्किटेक्चर शिकणाऱ्या दोन मुली. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात घालवलेले एक पेंटरकाका. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम हळूहळू थांबलं, पण हात अजून तसाच आहे. आणि माझ्यासारखे नोकरी सांभाळून येणारे काही. एका जुन्या वाचनालयाची वरची खोली रविवारी सकाळी आम्हाला मिळायची. तिथे आम्ही मोबाइलवरचे फोटो बघून चित्रं काढायचो. फोटो व्हेनिसचे, कोकणातल्या सुपारीच्या बागांचे, काशीच्या घाटांचे. सुंदर चित्रं व्हायची, फ्रेमही व्हायची. ज्या रस्त्यानं चालत आम्ही त्या खोलीत यायचो, तो रस्ता मात्र कुणाच्याच वहीत नव्हता.

अर्बन स्केचर्सची गोष्ट तशी फार जुनी नाही. गॅब्रिएल कंपानारियो हा मूळचा बार्सिलोनाचा, वर्तमानपत्रात काम करणारा चित्रकार. अमेरिकेत सिएटलला राहायला गेल्यावर नवं शहर ओळखीचं व्हावं म्हणून तो जाता-येता रेखाटनं करू लागला. 2007 मध्ये त्यानं अशीच जागेवर बसून चित्रं काढणाऱ्यांचा एक गट इंटरनेटवर सुरू केला. 2009 मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली, 2010 मध्ये पोर्टलंडला पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं, 2015 मध्ये ते आशियात, सिंगापूरला आलं. आज जगभरातल्या शेकडो शहरांत त्यांच्या शाखा आहेत, मुंबईतही आहे. त्याही आधी, 2004 मध्ये, एन्रिको कासारोसा या ॲनिमेशन चित्रकारानं सॅन फ्रान्सिस्कोत ‘स्केचक्रॉल’ सुरू केलं होतं. दिवसभर शहरात भटकायचं आणि दिसेल ते वहीत काढत सुटायचं. म्हणजे एकाच सुमाराला बऱ्याच जणांना घराबाहेर पडून चित्र काढावंसं वाटत होतं, त्यांना फक्त एकमेकांचा पत्ता हवा होता.

या चळवळीचा आठ कलमांचा जाहीरनामा आहे. चित्र जागेवर बसून, प्रत्यक्ष बघून काढायचं. ते आपल्या परिसराची गोष्ट सांगणारं असावं. ते त्या वेळेची आणि त्या जागेची नोंद असतं. जे पाहिलं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. माध्यम कुठलंही चालेल, शैली ज्याची त्याची. एकमेकांना साथ द्यायची, एकत्र बसून काढायचं. चित्रं इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवायची. आणि शेवटचं, एकेका चित्रातून जग दाखवत जायचं. परीक्षा नाही, फी नाही, वही-पेन घेऊन जो येईल तो आपला.

आमच्याकडे यावर बरीच चर्चा झाली. सरांना हे पटत नव्हतं, आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. “सिएटलच्या माणसानं सांगायचं आणि आपण गिरगावात बसून काढायचं? आपले चित्रकार धुरंधर मग काय करत होते?” त्यांनी विचारलं.

आर्किटेक्चरवाल्या मुलींपैकी एक म्हणाली, “सर, तेच तर. धुरंधर करत होते. आपण करत नाही.”

यावर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ते पिशवीतून पुस्तकं घेऊन आले आणि आमच्यापुढे धुरंधर उलगडून बसले. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म 1867, कोल्हापूरचे. 1890 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला आले आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. पौराणिक चित्रांमुळे नाव घरोघर पोचलं, पण त्यांची मुंबईची रेखाटनं बघावीत. रस्त्यावरचे फेरीवाले, नऊवारीतल्या बायका, पारशी, बोहरी, कोळणी, भय्ये, प्रत्येकाची उभं राहण्याची ढब वेगळी, पागोट्याचा पेच वेगळा. त्या काळी त्यांची चित्रं पोस्टकार्डांवर छापून निघत. एस. एम. एडवर्ड्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मुंबईवरच्या 1912 सालच्या पुस्तकालाही त्यांचीच चित्रं आहेत. सर एका पागोट्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा पेच आठवणीतून येत नाही. हा माणूस त्यांनी पाहिलाय.” त्यानंतर गटात कुणी ‘परकी कल्पना’ हा शब्द काढला नाही. मला त्या दिवशी जाणवलं ते एवढंच, की आपल्या घरातली एखादी चांगली सवय मोडून गेलेली असते, आणि ती परत लावणारा माणूस बाहेरचा असला तरी सवय आपलीच असते.

तर ठरलं असं: महिन्यातला एक रविवार मुंबईच्या शाखेबरोबर, ते नेतील तिथे. बाकीचे रविवार आपल्या भागात, आपल्या पायांनी जाऊ तिथे. आणि प्रत्येक चित्रावर जागा, तारीख, वेळ मराठीत लिहायची. हे शेवटचं पेंटरकाकांनी सुचवलं. आता आमच्या सगळ्यांच्या वहीत कोपऱ्यात त्यांच्या हातची अक्षरं असतात, कारण चित्र झालं की वही त्यांच्यापुढे सरकवायची पद्धतच पडली आहे. कट-ब्रशनं एका फटक्यात ‘परळ नाका, सकाळी 8.20’ असं लिहितात आणि चित्राला एकदम पत्ता मिळतो.

जागेवर बसून काढायला लागलं की पहिला अडसर येतो तो हाताचा नव्हे, डोळ्यांचा. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून हॉर्निमन सर्कलकडे पाहा, किंवा महापालिकेच्या बाजूनं सीएसएमटी स्टेशनच्या घुमटाकडे. कमानी, खांब, दगडातली कोरीव पानं दिसतात. पण त्यांच्यापुढे काय काय उभं असतं! बसथांबा, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक, आडव्यातिडव्या केबल, वडापावची गाडी, ओळीनं लावलेल्या मोटारसायकली, खिडकीखाली लोंबणारा एसीचा डबा आणि त्याचं ठिबकणारं पाणी. आमच्या सगळ्यांचा हात आपोआप हे गाळत होता. सुंदर तेवढं घ्यायचं, बाकीचं सोडायचं ही शिकवण आत खोल बसलेली. जाहीरनाम्यातलं चौथं कलम नेमकं इथे आडवं आलं. जे पाहिलं त्याच्याशी प्रामाणिक राहा.

यावरून आमच्यात खरी वादावादी झाली. काकूंचं म्हणणं, “अहो, निवड करायला नको का? सगळंच घ्यायचं तर फोटो काढूया की.” ते बरोबरच आहे. निवडीशिवाय चित्र होत नाही. तासाभरात एका पानावर किती येणार? पण रचनेसाठी सोडणं वेगळं आणि नजरेला खुपतं म्हणून सोडणं वेगळं. आम्ही हळूहळू एक साधी कसोटी वापरायला लागलो. ही वस्तू काढून टाकली तर इथे राहणाऱ्या माणसाला ही जागा आपली वाटेल का? नसेल वाटत, तर ती वस्तू राहू द्यायची.

याचं मोल कळलं ते मेट्रोच्या पत्र्यांमुळे. भुयारी मेट्रोच्या कामासाठी गिरगाव, काळबादेवी, दादर या भागांत कित्येक वर्षं उंच पत्र्यांची कुंपणं उभी होती. रस्ता निम्मा, दुकानं पत्र्यामागे, पादपथ म्हणजे एक माणूस जाईल एवढी फट. चित्र काढायला बसलेल्या कुणालाही ते पत्रे नकोसे वाटत. आमच्यातली एक मुलगी मात्र हट्टानं तेच काढायची. पत्र्यांवरचे पोचे, त्यांवर चिकटवलेल्या क्लासच्या जाहिराती, पत्र्याच्या आडोशानं बसणारा चांभार, पत्र्यावरून डोकावणारी क्रेन. ऑक्टोबर 2025 मध्ये ती मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. पत्रे जसे निघत गेले तसा रस्ता मोकळा झाला, आणि माणसं ते सगळं झपाट्यानं विसरली. मीही आता त्या जागेवरून जाताना कुंपण नेमकं कुठे होतं ते सांगू शकत नाही. तिच्या वहीत ते आहे. एका अख्ख्या पेठेनं ज्या अडचणीत इतकी वर्षं धंदा केला, पोरं शाळेत पोचवली, गणपती आणले, तिचं रूप तिनं कागदावर ठेवलं. सुंदर कमानी तर शंभर ठिकाणी छापलेल्या सापडतील. मला त्या पत्र्यांचं चित्र जास्त मोलाचं वाटतं, आणि आमच्या सगळ्या वह्यांतलं एकच पान जपायचं ठरलं तर मी ते पान निवडेन.

मुंबईत असं पान जमवायला फार थांबावंही लागत नाही. 1868 चा कर्नाक पूल नोव्हेंबर 2022 मध्ये पाडला. 1937 पासून धावणारी बेस्टची डबलडेकर, तिच्या जुन्या डिझेल गाड्यांची शेवटची फेरी सप्टेंबर 2023 मध्ये झाली. पुढच्याच महिन्यात काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. सप्टेंबर 2025 मध्ये प्रभादेवीचा जुना पूल, आमच्या तोंडी अजून एल्फिन्स्टनचाच, नव्या बांधकामासाठी वाहतुकीला बंद झाला. त्या पुलाच्या टोकाशी बसून काढलेली चित्रं आमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आहेत. तारीख आणि वेळेसकट.

चळवळीनं दिलेली आणखी एक पद्धत मला मनापासून आवडते. चित्रं संपली की सगळ्यांनी आपापल्या वह्या जमिनीवर शेजारी-शेजारी उघड्या ठेवायच्या आणि भोवती उभं राहून बघायच्या. तिकडे याला ‘थ्रोडाउन’ म्हणतात, आम्हीही तोच शब्द उचलला. ए-बी-सी ग्रेड देणारं कुणी नसतं. एकच फूलबाजार पंधरा जणांनी पाहिलेला असतो. पहाटे दादरच्या मंडईत गेलो होतो तेव्हा सरांनी झेंडूच्या राशींचे नुसते केशरी डाग टाकले होते. पेंटरकाकांनी हातगाडीवरचं नाव अचूक उतरवलं होतं. काकूंनी फक्त एका हार ओवणाऱ्या बाईचे हात काढले होते, सुई दाताखाली धरून दोरा ओढणारे. मी ते हात बराच वेळ बघत राहिले. शाळेत पाठमोऱ्या बायका काढून मोठे झालेलो आम्ही, आणि काकूंनी वयाच्या या टप्प्यावर समोरून बाई काढायला घेतली होती. भोवती जमलेल्या हमालांपैकी एक वाकून म्हणाला, “ही तर आमची मावशी!” चेहरा नव्हताच कागदावर. त्यानं हातांवरून ओळखलं.

बघे हा मुंबईतल्या स्केचिंगचा मोठा भाग आहे. इथे एकांत मिळत नाही. पाच मिनिटांत मागे चार माणसं उभी असतात, पोरं वहीत डोकं घालतात, कुणी चहा आणून देतं, कुणी आपल्या दुकानाची पाटी मोठी काढायला सांगतं, एखादा पहारेकरी ‘परमिशन आहे का’ विचारतो आणि दहा मिनिटांनी स्वतःच लोकांना बाजूला करून आपल्याला दृश्य मोकळं करून देतो. सुरुवातीला माझा हात बावरायचा. आता कुणी मागे नसलं तर चुकल्यासारखं होतं.

सध्या आमचं मुख्य काम एका चाळीचं चाललंय. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी तशी विनंती केली आहे. पुनर्विकासाचे कागद झालेत, काही बिऱ्हाडं भाड्याच्या घरात गेलीत, काही जायच्या तयारीत. चाळीतल्याच एका बाईंनी आमचं काम कुठेतरी पाहिलं आणि आम्हाला बोलावलं. “ताई, जागा सोडायच्या आधी एकदा काढून ठेवा. फोटो आहेत आमच्याकडे, पण फोटोत आम्हीच आहोत, चाळ मागे कुठेतरी.”

आम्ही मजल्यामजल्यानं काढायला घेतली. लांबलचक गॅलरी, लाकडी जिना, पायऱ्यांचे मध्येच झिजलेले भाग, पाण्याची पिंपं, दोरीवरचे कपडे, गॅलरीच्या टोकाला एका ओळीत असलेले मीटर, दारावरची तोरणं, कठड्याला बांधलेली तुळशीची कुंडी. छपरावरची निळी ताडपत्रीसुद्धा. गणपतीत मंडळाच्या मांडवालगत आम्ही ही चित्रं दोरीला चिमट्यांनी लावली. आणि मग जे झालं तसं परीक्षण मी कुठल्या कलादालनात होताना पाहिलेलं नाही. चाळीतली माणसं एकेका चित्रापुढे उभं राहून दुरुस्त्या सांगू लागली. “दुसऱ्या मजल्याचा कठडा लोखंडी आहे, लाकडी तिसऱ्याचा.” “हे पिंप आमचं नाही, जोश्यांचं. आमच्या पिंपाला झाकण आहे.” एका आजोबांनी जिन्याच्या चित्रापुढे पायऱ्या मोजल्या. एक कमी होती. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “रोज मोजून चढतो बाळ, गुडघे दुखतात ना.” ज्या मुलीनं तो जिना काढला होता, ती दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पुन्हा बसली आणि नव्यानं काढून आली. चौथ्या कलमाचा यापेक्षा नेमका अर्थ मला कुणी समजावला नसता. प्रामाणिक राहायचं ते कुणाशी, हे त्या मांडवात कळलं. ज्यांची जागा आहे त्यांच्याशी.

त्यातूनच सातव्या कलमावर प्रश्न उभा राहिला. चित्रं इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवायची, हा चळवळीचा प्राण आहे. त्यामुळेच परळचा नाका लिस्बनच्या माणसाला दिसतो आणि लिस्बनची ट्राम आम्हाला. पण चाळीतली काही चित्रं म्हणजे कुणाच्या तरी उघड्या दारातून दिसणारं घर आहे. पलंगावर निजलेली म्हातारी आहे, भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. मला वाटतं, अशा ठिकाणी कलमापेक्षा माणसाचा शब्द मोठा मानावा. आम्ही तसंच केलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्या दारांची चित्रं बाहेर गेली, बाकीची गेली नाहीत. मुंबईच्या शाखेतल्या लोकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनाही ते लगेच पटलं. सर यावर म्हणाले, “आता आपण त्यांच्यात नुसते सामील झालो नाही, थोडी भरही घातली.” ज्या माणसानं सुरुवातीला धुरंधरांचं नाव घेऊन विरोध केला, त्यांच्या तोंडून ‘आपण’ ऐकताना मला फार बरं वाटलं.

सगळ्या चित्रांच्या चांगल्या प्रती काढून एक संच नव्या इमारतीतल्या सोसायटीच्या ऑफिससाठी बाजूला ठेवायचा, असं चाळीच्या कमिटीशी बोलणं झालं आहे. सर आता शेजारच्या शाळेतल्या ग्रेड परीक्षेच्या मुलांनाही रविवारी घेऊन येतात. पहिल्या दिवशी एका मुलानं जिन्यासमोर बसून सवयीनं मागे दोन झाडं काढली. सर नुसते त्याच्या शेजारी बसले आणि समोर बोट दाखवलं. त्यानं झाडं खोडली आणि मीटर काढायला घेतले, एकेक, त्यांवरच्या खोल्यांच्या नंबरांसकट.

चाळीची मागची बाजू अजून राहिली आहे. तिथे सकाळी नऊपर्यंतच ऊन असतं, आणि मागचे दोन गाळे महिनाअखेर रिकामे होणार आहेत. आम्हाला हात कमी पडताहेत. मुंबईत असाल आणि वही-पेन हातात धरायची इच्छा असेल तर रविवारी सात वाजता या. बसायला वर्तमानपत्र आणा, फरशी ओली असते. रंग नसले तरी चालेल, आमच्याकडे आहेत.